काँगोचा इतिहास : ज्यांचा त्यांच्या तोंडून

कोणत्याही देशाचा इतिहास सांगावयास घेतला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. काँगोच्या बाबतीत साधने थोडी आहेत असे मुळीच नाही. पोर्तुगीज खलाशांच्या नोंदी आहेत, इंग्रज प्रवाशांचे जाडजूड ग्रंथ आहेत, बेल्जियन अधिकाऱ्यांचे अहवाल आणि खाणकंपन्यांचे ताळेबंद आहेत. ढीगच्या ढीग कागद आहेत. परंतु ह्या कागदांत काँगोचा मनुष्य दिसतो तो ओझे वाहताना, फटके खाताना, नाहीतर बाप्तिस्मा घेताना. तो बोलताना मात्र क्वचितच आढळतो. आज आम्ही त्याचेच बोलणे शक्य तेवढे आपल्यापुढे ठेवणार आहोत.

काँगो नावाचे देश दोन आहेत, हे आधी सांगून टाकू. नदीच्या उत्तरेस पूर्वी फ्रेंचांच्या ताब्यात असलेला लहान काँगो आणि दक्षिणेस पूर्वी बेल्जियमच्या ताब्यात असलेला मोठा काँगो. आम्ही बोलतो आहोत तो ह्या दुसऱ्याविषयी. किन्शासा ही त्याची राजधानी. विस्तार सुमारे साडेतेवीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपला महाराष्ट्र त्यात सात वेळा बसेल आणि वर जागा उरेल.

१९०४ च्या अखेरची गोष्ट. ह्या देशाच्या आतल्या जंगलात बारिंगा ह्या ठिकाणी तीन युरोपीय पंच चौकशीसाठी बसले होते. त्यांच्यासमोर लोंटुलू नावाचा एक गावप्रमुख आला. त्याने स्वतः फटके खाल्ले होते, ओलीस म्हणून कैद सोसली होती, साखळदंडात काम केले होते. लिहिणेवाचणे त्याला येत नव्हते. त्याने काटक्यांची जुडी आणली होती. ती सोडून त्याने पंचांच्या टेबलावर ११० काटक्या मांडल्या. त्यांचे चार ढीग केले : प्रतिष्ठित माणसे, पुरुष, बायका आणि मुले. मग एकेक काटकी उचलून त्याने एकेका मृताचे नाव सांगितले. रबरापायी मारली गेलेली ही त्याची माणसे.

अडाणी मनुष्याची ही भाबडी युक्ती, असे एखाद्याला वाटेल. पण तसे समजणे चूक होईल. काँगोत स्मरण ठेवण्याची शास्त्रे फार जुनी आहेत. देशाच्या आग्नेय भागातील लुबा लोकांच्या राज्यात ‘लुकासा’ नावाची एक लाकडी फळी असे. हातात मावेल एवढ्या त्या फळीवर मणी आणि शिंपले जडविलेले असत. म्बुद्ये नावाच्या मंडळातील जाणते पुरुष त्या मण्यांवरून बोट फिरवीत राजांच्या वंशावळी, स्थलांतरे आणि राज्याचे नियम म्हणून दाखवीत. आपल्याकडे भाटांच्या तोंडी वंशावळ असते. तिथे ती भाटाच्या बोटांखालीही असे, एवढाच फरक. लोंटुलूच्या काटक्या ह्याच जातीच्या होत्या. त्याने आपल्या परीने कागदपत्रच दाखल केले होते.

आता थोडे मागे जाऊ. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव १४८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नदीच्या मुखाशी पोहोचला, तेव्हा तेथे कोंगो नावाचे सुव्यवस्थित राज्य नांदत होते. त्याची राजधानी म्बान्झा कोंगो. ते स्थळ आज शेजारच्या अंगोला देशात मोडते. १४९१ साली तेथील राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा मुलगा अफोन्सो हा पोर्तुगीज भाषा शिकला, आणि त्याने पोर्तुगालच्या राजाला पाठविलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. आफ्रिकी राजाने स्वतःच्या वतीने युरोपशी केलेला इतका जुना पत्रव्यवहार विरळाच. १५२६ च्या पत्रांत त्याची तक्रार अशी आहे की, तुमचे व्यापारी रोज आमची माणसे धरून नेतात. त्यांत सरदारांची मुले आणि आमचे आप्तही असतात. देश ओस पडत चालला आहे. आम्हांला तुमच्याकडून धर्मोपदेशक आणि शिक्षक हवेत, आणि प्रार्थनेपुरते मद्य व पीठ हवे; बाकी काही नको. हे वाचून अफोन्सोला निर्दोष ठरवावयाचे मात्र कारण नाही. युद्धात पकडलेले गुलाम तोही विकीत होता. त्याचा आक्षेप हा की, व्यापाराची दोरी आपल्या हातून निसटली. ती पुढे कायमचीच निसटली.

नेलेला मनुष्य परत येत नसे. मग मागे राहिलेल्यांनी त्याचा अर्थ आपल्या बुद्धीप्रमाणे लावला. पांढरा हा त्यांच्याकडे मृतांचा रंग. समुद्राच्या कडेवरून गलबताचे शीड हळूहळू वर येते, म्हणजे ही मंडळी पाण्याखालच्या मृतांच्या देशातूनच येत असली पाहिजेत. गोरे लोक नेलेल्या माणसांच्या मांसाचे तेल काढतात, रक्ताचे मद्य करतात आणि हाडांची बंदुकीची दारू करतात, अशी समजूत त्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या होती. ह्या समजुतीला हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. माणसे जात आणि त्यांच्या बदल्यात मद्य व बंदुका येत, हे तर त्यांच्या डोळ्यांना दिसतच होते.

किनाऱ्यापासून आत, नदीच्या वरच्या अंगाला, पांढरा मनुष्य पोहोचावयास आणखी साडेतीनशे वर्षे लागली. तोवर पूर्वेकडून झांजीबारचे अरबी-स्वाहिली व्यापारी गुलाम पकडीत तेथवर आले होते. त्यांच्यातील टिप्पू टिप ह्याच्या टोळीने दिसासी माकुलो नावाच्या एका मुलाला पकडले. १८८३ च्या सुमारास हेन्री स्टॅन्ले ह्याने मोबदला देऊन त्याला सोडविले. पुढे तो ख्रिस्ती उपदेशक झाला आणि म्हातारपणी त्याने आपली हकीकत मुलाला सांगितली. त्या मुलाने लिहिलेले पुस्तक १९८३ साली किन्शासात छापले गेले. इंग्रज ग्रंथांत ज्याची जागा ‘काही मुले विकत घेऊन मुक्त केली’ एवढ्याच वाक्यात असावयाची, तोच येथे एकदम नाव-गाव, आईबाप असलेला मनुष्य होऊन समोर येतो.

स्टॅन्लेला लोकांनी नाव दिले होते ‘बुला मातारी’. म्हणजे दगड फोडणारा. नदीच्या धबधब्यांना वळसा घालून त्याने सुरुंग लावून रस्ता काढला, म्हणून हे नाव. मौज अशी की, स्टॅन्ले निघून गेल्यावरही नाव तेथेच राहिले. पुढे प्रत्येक गोरा अधिकारी, आणि शेवटी खुद्द सरकारच, ‘बुला मातारी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सत्तेचे वर्णन करावयास राज्यशास्त्राच्या ग्रंथांना कितीतरी पाने लागतात. इथे लोकांनी दोन शब्दांत ते आटोपले.

स्टॅन्ले ज्याच्यासाठी दगड फोडीत होता तो बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे युरोपीय सत्तांची परिषद भरली, आणि त्या सुमारास त्याने बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठा असा हा प्रदेश आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतला. बेल्जियम राष्ट्राच्या नव्हे, राजाच्या खासगी नावावर! त्याला नाव दिले ‘काँगो स्वतंत्र राज्य’. ह्या स्वतंत्र राज्यात राजाने आयुष्यात एकदाही पाऊल टाकले नाही.

रबराची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली, सायकली आणि पाठोपाठ मोटारी धावू लागल्या, आणि रबराचा भाव भडकला. मलायातील लागवडीचे रबर बाजारात येण्यास अवकाश होता. काँगोच्या जंगलात मात्र रबराचे वेल आपोआप वाढलेले होते. ते उंच झाडांवर चढलेले असत. मजूर वर चढून वेलाला खाच पाडी आणि चीक गोळा करी. तो सुकविण्यासाठी पुष्कळदा स्वतःच्या अंगालाच फासून घेई, आणि सुकल्यावर अंगावरच्या केसांसकट उपटून काढी. जवळचे वेल संपले की दोन-दोन दिवसांच्या वाटेवर आत जावे लागे. असे काम कोण राजीखुशीने करील? म्हणून कंपनीचे शिपाई गावात येत, बायकांना धरून कोठडीत घालीत आणि ठरलेले वजन भरले म्हणजे सोडीत. बारिंगाच्या मुलखात हा मक्ता ‘अबीर’ नावाच्या कंपनीकडे होता. नाव ऐकून आपल्याला पंढरीचा बुक्का आठवेल. ती केवळ अँग्लो-बेल्जियन इंडिया रबर कंपनी ह्या नावाची आद्याक्षरे होती, आणि त्यातील ‘इंडिया’चाही आपल्याशी संबंध नाही. इंग्रजीत त्या काळी रबराला ‘इंडिया रबर’ म्हणत, एवढेच.

पुरुष जंगलात आणि बायका कोठडीत. मग शेत कोण करणार? उपासमार आली, रोगराई आली, जन्म थांबले. शिपायाला काडतूस मोजून मिळे. ते वाया घालविले नाही ह्याचा पुरावा म्हणून मारलेल्याचा उजवा हात कापून आणावा लागे. शिकारीवर काडतूस उडविलेला शिपाई मग जिवंत माणसाचा हात कापून हिशेब पुरा करी. १९०४ च्या मे महिन्यात न्साला नावाचा एक मनुष्य बारिंगाच्या मिशनघराच्या ओसरीवर आला. त्याच्या हातात पानांचे एक पुडके होते. पुडक्यात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, एक हात आणि एक पाऊल होते. शिपायांनी मारल्यावर तिचे एवढेच त्याच्या हाती लागले होते. ॲलिस हॅरिस ह्या मिशनरी बाईने त्याला तेथेच बसवून छायाचित्र घेतले. त्या चित्राने पुढे युरोपात खळबळ उडविली. चित्रात न्साला आपल्याकडे पाहत नाही. तो खाली, त्या दोन तुकड्यांकडे पाहतो आहे.

गोऱ्यांच्या घरी मांसाचे डबे येत. डब्यावर जनावराचे चित्र असले तरी आत कापलेले हातच असतात, अशी बोलवा त्या वेळी लोकांत होती.

किती माणसे गेली ह्याचा आकडा छातीठोकपणे कोणी सांगू नये. त्या काळी शिरगणती झालेलीच नव्हती. लोकसंख्या निम्म्यावर आली असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे; इतरांना तो जास्त वाटतो. आणि ह्या अज्ञानाला निव्वळ दैव कारण नाही. १९०८ साली राजाने आपली ही खासगी मालमत्ता बेल्जियम राष्ट्राला विकली, तेव्हा ब्रुसेल्समधील काँगो-कचेरीची भट्टी आठ दिवस धगधगत होती. दप्तर जाळले जात होते. लोंटुलूच्या साक्षीचे काय झाले? पंचांचा अहवाल १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण साक्षी वगळून. त्या साक्षी जपून ठेवलेल्या होत्या, परंतु संशोधकांना त्या पाहू देण्यास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले. ज्याने बोटांनी मोजून हिशेब दिला, त्याचा हिशेब पाऊणशे वर्षे कुलुपात राहिला.

बेल्जियम सरकारच्या काळात हात तोडणे थांबले. रस्ते, आगगाड्या, इस्पितळे झाली. प्राथमिक शाळा मिशनऱ्यांनी पुष्कळ काढल्या. हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक तसाच राहिला, आणि लोकांनी स्वतःच्या तोंडाने देव मागितलेलाही सरकारला चालला नाही. सिमोन किंबांगू हा न्काम्बा गावचा ख्रिस्ती उपदेशक. १९२१ च्या एप्रिलपासून तो आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरे करतो अशी कीर्ती झाली, आणि मजूर कामे टाकून न्काम्ब्याची वाट चालू लागले. त्याने कोणावर शस्त्र उगारले नव्हते. तरी लष्करी न्यायालयापुढे, वकील न देता, त्याला उभे करण्यात आले. शिक्षा : १२० फटके आणि मृत्यू. राजा आल्बर्टने मृत्यूऐवजी जन्मठेप दिली. किंबांगू तीस वर्षे एलिझाबेथव्हीलच्या तुरुंगात राहिला आणि १९५१ साली तेथेच वारला. त्याच्या अनुयायांना कुटुंबेच्या कुटुंबे उचलून दूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. परिणाम असा झाला की, पंथ प्रांतोप्रांती पसरला! सरकारने आपल्याच खर्चाने त्याचा प्रचार केला म्हणा ना.

दुसऱ्या महायुद्धात काँगोचे सैनिक ॲबिसीनियात इटालियनांशी लढले. त्यांचे एक फिरते रुग्णालय ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, आपल्या हिंदी जवानांनी भरलेल्या चौदाव्या सेनेबरोबरही होते. हिरोशिमावर पडलेल्या बाँबचे युरेनियम मुख्यत्वे काँगोतील शिंकोलोब्वेच्या खाणीतले होते. आणि त्याच युद्धात, १९४१ च्या डिसेंबरात, वेतनवाढ मागणाऱ्या खाणमजुरांवर एलिझाबेथव्हीलच्या फुटबॉलच्या मैदानात गोळीबार झाला.

युद्धानंतर शिकलेल्या काँगोवासीयांचा एक वर्ग तयार झाला. त्यांना फ्रेंचमध्ये ‘एव्होल्युए’ म्हणत, म्हणजे उत्क्रांत झालेले! अशा मनुष्याला गोऱ्यांच्या बरोबरीचा दाखला हवा असेल, तर सरकारी मंडळी त्याच्या घरी येऊन तपासणी करीत. न्हाणीघर कसे आहे, जेवताना काटे-सुऱ्या वापरतात काय, नवराबायको एका टेबलावर बसतात काय. सव्वा कोटीहून अधिक लोकसंख्येच्या देशात अखेरपर्यंत हा दाखला मिळालेली माणसे दोनशेंच्या आसपास.

पात्रीस लुमुम्बा हा ह्याच वर्गातला. टपालखात्यातील कारकून, पुढे बिअरच्या कंपनीचा विक्रेता आणि मग पुढारी. ३० जून १९६० रोजी स्वातंत्र्याचा समारंभ झाला. बेल्जियमचा तरुण राजा बोदुआँ ह्याने भाषणात लिओपोल्डच्या कार्याची थोरवी गायिली. पंतप्रधान लुमुम्बाचे भाषण कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. तो उठला आणि आपल्या लोकांनी काय काय सोसले ते सांगू लागला. फटके, उपमर्द, हिसकावलेल्या जमिनी. त्यातली एक तक्रार मात्र व्याकरणाची होती : काळ्या माणसाला ‘तू’ म्हणत, मित्र म्हणून नव्हे, तर आदरार्थी ‘आपण’ हा गोऱ्यांपुरताच राखलेला होता म्हणून. इंग्रजीत ह्या तक्रारीचे मर्म सहजी उतरत नाही. मराठी माणसाला ते समजावून सांगावयास नको. अरेतुरे कोणी कोणाला करावयाचे आणि उलट अहोजाहो कोणी म्हणावयाचे, ह्यात आपल्याही गावगाड्याचा केवढा इतिहास दडला आहे!

पुढचे सहा महिने भराभर गेले. पंचवीस हजारांच्या फौजेत एकही काळा अधिकारी नव्हता. बेल्जियन सेनापतीने फळ्यावर खडूने लिहून दाखविले : स्वातंत्र्यापूर्वी बरोबर स्वातंत्र्यानंतर. फौजेने बंड केले. खनिजांनी भरलेला कटंगा प्रांत फुटून निघाला. लुमुम्बाने संयुक्त राष्ट्रसंघाची मदत मागितली. संघाची फौज आली, पण त्याच्याच देशात, ती फौज असताना, त्याला पदच्युत करून पकडण्यात आले, आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटंगात गोळ्या घालण्यात आल्या. बेल्जियन अधिकारी तेथे हजर होते. एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने प्रेत आम्लात विरघळविले आणि एक दात स्वतःजवळ ठेवून घेतला.

ह्या पर्वाशी आपला प्रत्यक्ष संबंध आला. राष्ट्रसंघाचे तेथील प्रतिनिधी म्हणून त्या वेळी राजेश्वर दयाळ होते. १९६१ मध्ये भारतीय ब्रिगेड तेथे गेली, आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया एलिझाबेथव्हील येथे धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. कटंगा आणि त्शोम्बे ही नावे त्या दिवसांत आपल्या वृत्तपत्रांत रोज असत.

१९६५ साली सेनापती मोबुतूने सत्ता घेतली ती १९९७ पर्यंत सोडली नाही. त्याने १९७१ मध्ये देशाचे नाव बदलून ‘झाईर’ ठेवले. का, तर ते अस्सल देशी म्हणून. वस्तुतः ‘न्झादी’ म्हणजे नदी ह्या शब्दाचा तो पोर्तुगीजांनी केलेला अपभ्रंश! पगार होईनासे झाले तेव्हा लोक म्हणत, घटनेचे कलम १५ लागू झाले. असे काही कलम घटनेत नव्हते. त्याचा लोकांनी ठरविलेला मजकूर असा : तुमचे तुम्ही बघा.

ह्याच राजवटीत लुबुम्बाशी शहरात, म्हणजे पूर्वीच्या एलिझाबेथव्हीलमध्ये, त्शिबुम्बा कान्दा मातुलू नावाचा एक चित्रकार पिठाच्या पोत्यांच्या कापडावर चित्रे रंगवून दारोदार विकीत असे. १९७३-७४ मध्ये योहानेस फाबियान ह्या मानववंशशास्त्रज्ञाने त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की, आपण इतिहासकार आहोत. आणि त्याने देशाचा सबंध इतिहास सुमारे शंभर चित्रांत रंगवून दिला. प्रत्येक चित्राचे निरूपणही केले. त्यात पोर्तुगीज दर्यावर्दी आहे, चाबूक आहे, १९४१ चा गोळीबार आहे, आणि लुमुम्बाच्या मृत्यूमागे तीन क्रूस उभे आहेत. तारखा काही ठिकाणी चुकल्या आहेत. परंतु मजुरांच्या वस्तीत काय आठवले जात होते आणि कशाची कुजबूज होत होती, हे कळावयास त्याच्याइतके विश्वसनीय साधन आम्हांला दुसरे ठाऊक नाही. १९८० नंतर लवकरच त्शिबुम्बा दिसेनासा झाला. त्याचे पुढे काय झाले हे कळले नाही.

१९९४ च्या रुवांडातील हत्याकांडानंतर त्या देशाचे भांडण सरहद्द ओलांडून काँगोत शिरले. १९९६ पासून २००३ पर्यंतच्या दोन युद्धांत अर्धा डझनाहून अधिक परकी सैन्ये येथे उतरली. उपासमार आणि रोग धरून मृतांचा अंदाज ५४ लाखांपर्यंत सांगितला गेला, आणि त्यावरही वाद आहे. गोम्यात भारतीय ब्रिगेड पुनश्च राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखाली वर्षानुवर्षे राहिली. २०२५ च्या जानेवारीत ते गोमा शहर एम-२३ ह्या बंडखोरांच्या हाती पडले.

लुमुम्बाचा दात मात्र घरी आला. बेल्जियमने तो २०२२ च्या जूनमध्ये त्याच्या मुलांच्या स्वाधीन केला. शवपेटीत ठेवून तो प्रथम त्याच्या ओनालुआ ह्या जन्मगावी नेला, मग देशभर फिरविला, आणि ३० जून रोजी, स्वातंत्र्याच्या दिवशी, किन्शासात पुरला.

साक्षींचे काय? १९९३ ते २००३ ह्या दहा वर्षांतील अत्याचारांचा शोध राष्ट्रसंघाने घेतला आणि २०१० साली अहवाल प्रसिद्ध केला. १,२८० हून अधिक साक्षीदार बोलले; ६१७ घटनांची नोंद झाली. विशेष न्यायालय नेमावे अशी वाट अहवालाने दाखविली. बुकाव्हूचे डॉक्टर डेनिस मुक्वेगे, ज्यांनी युद्धात विटंबना झालेल्या हजारो स्त्रियांवर उपचार केले, त्यांना २०१८ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑस्लोच्या व्यासपीठावरून त्यांनी ह्याच अहवालाची आठवण काढली : तो एका खणात पडून बुरसतो आहे. साक्षीदारांनी ज्यांची नावे घेतली, त्या संशयितांची यादी अहवालात छापलेली नाही. ती राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कचेरीत गुप्त म्हणून ठेवण्यात आली.